अकराशे बावन्न खिळे

५ जानेवारी

आत्या,

नमस्कार. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र. शिवाय या कामात मला उत्तर लेखी हवं आहे.

आपलं थिएटर यंदा एकशे बारा वर्षांचं झालं. त्याच्या डागडुजीसाठी समिती बसली आहे. समितीवर एक वास्तुतज्ज्ञ बाई आहेत. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण पायरीवर पाय ठेवायच्या आधी पायरीकडे बघतात, म्हणून मी त्यांना मानतो. त्यांचा नियम साधा आहे. जे मूळचं ते राखायचं, जे मागाहून घातलं ते काढून नवीन करायचं. आता मूळचं कोणतं आणि मागाहूनचं कोणतं, हे सांगणारा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. सातवी शिकलेल्या सुताराकडे कशाला, असं व्यवस्थापक म्हणाले. बाईंनी त्यांना विचारलं, रंगमंचावर छताला कप्प्या किती आहेत? ते मान वर करून बघायला लागले. मी म्हटलं, बावीस, त्यातल्या दोन फिरत नाहीत.

तर तिसरं प्रकरण रंगमंचाच्या जमिनीवर आहे. तीस फूट रुंद, चोवीस फूट खोल, शहाण्णव फळ्या, फळीमागे बारा खिळे, एकूण अकराशे बावन्न. मी गुडघ्यावर बसून मोजले आहेत. खिळे लोहाराने हाताने घडवलेले, चौकोनी अंगाचे. असे खिळे गेल्या ऐंशी वर्षांत बाजारात आलेले नाहीत. म्हणजे जमीन मूळची, याला दुसरा पुरावा लागत नाही. बाबाही म्हणायचे, “या जमिनीचा एक खिळा बदललेला नाही.” हे सांगताना ते समोरच्याकडे न बघता जमिनीकडेच बघायचे, ते मला अजून दिसतं.

माझे प्रश्न दोन. एक, बावन्न वर्षांपूर्वी थिएटर अकरा आठवडे बंद होतं. गॅलरीत बाकांच्या जागी खुर्च्या आल्या ते मला माहीत आहे. पण जुन्या वहीत ‘रंगमंच : किरकोळ दुरुस्ती’ असंही लिहिलं आहे. ती कसली? दोन, मागच्या बाजूला आपण राहायचो त्या खोल्यांचा जिना. सतरा पायऱ्या. त्यावरून तू पडलीस आणि पाय अधू झाला, तेही त्याच वर्षी. कुठल्या पायरीवरून, ते कळव. इतिहासात ‘एका पायरीवरून’ असं लिहिणं मला पटत नाही.

तुझा,
मास्तर (नाव तूच ठेवलेलं)


१४ जानेवारी

मास्तर,

पत्र पोचलं. शाळेत तू सातवीपर्यंत गेलास, पण दुसऱ्याच्या चुका काढण्यात एम. ए. आहेस. बाई शहाण्या दिसतात, त्यांना फार पिडू नकोस.

किरकोळ दुरुस्ती म्हणजे किरकोळ दुरुस्ती. दादा काही ना काही ठोकत असायचाच. हातोडी खाली ठेवली की त्याला करमायचं नाही. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. पडद्यावर लिही. झुंबरावर लिही, ते वर चढवायला नऊ माणसं लागली होती आणि दहावा नुसता ओरडत होता. प्रेक्षकांना असलं वाचायला आवडतं. पायाखालची जमीन कोण बघतो?

पायरी नववी असेल नाहीतर दहावी. पडताना मी मोजत नव्हते. तुझ्यासारखी हुशार नव्हते ना.

गुडघे सांभाळ. पन्नाशी उलटली तुझी.

आत्या


२५ जानेवारी

आत्या,

पायाखालची जमीन कोण बघतो, असं तू लिहिलंस. मी बघतो. काय सापडलं ते ऐक.

बाईंची परवानगी घेऊन डाव्या विंगेजवळची एक फळी मी उचलली. खिळे कटावणीने न ओढता खालून ठोकत ठोकत काढले, एकही मोडला नाही. खिळ्यांच्या अंगावर लहान लहान चपटे ठसे आहेत, लोहाराच्या हातोडीचे. त्यावरून घडाई हाताची, हे पक्कं झालं. पण खरी गंमत फळीच्या पोटाकडे आहे. खालच्या बाजूला पांढऱ्या रंगाने आकडे घातलेत. सत्तावन्न ते बासष्ट, एका फळीवर सहा. फळीखाली तुळयाही सहाच आहेत. म्हणजे मूळ कारागिराने कुठली फळी कुठल्या तुळईवर बसेल याचे आकडे आधी घालून ठेवले होते. आकड्यांमधलं अंतर वीस इंच आहे आणि तुळयांमधलं चोवीस. ते जुळत नाही, हे मी टिपून ठेवलं आहे. पण जुन्या लोकांची मोजमापं वेगळी असतील.

आणखी एक. ती खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा गुळगुळीत आहे. हात फिरवला तर रेशमासारखी. जी बाजू जन्मात कुणाला दिसायची नाही तीही त्या माणसाने अशी घोटली. मी तीस वर्षं रंधा मारतो आहे, मला असं जमलेलं नाही. बाबांनाही जमलं नसतं, हे कबूल करायला पाहिजे. मी प्रकरणाचा शेवट त्यावरच केला आहे, की या थिएटरमध्ये पुष्कळ सुतार होऊन गेले, माझे वडीलही, पण या अज्ञात कारागिराच्या पासंगाला कोणी पुरला नाही.

प्रकरण पुढच्या पंधरवड्यात छापायला जाईल. वीस फेब्रुवारीला बाई येऊन जमिनीचा निर्णय करतील. मूळची ठरली तर राहील, नाहीतर उखडतील. मला काळजी नाही.

नववी-दहावी पायरी वळणावर आहे. तिथे कठडा आहे, आणि बाजूला भिंत. तिथून माणूस पडून पाय दोन ठिकाणी मोडेल हे मला पटत नाही. आठवून लिही.

मास्तर


३ फेब्रुवारी

मास्तर,

छापायला दिलं असशील तर परत आण.

ते आकडे तुळयांचे नाहीत. माणसांचे आहेत. गॅलरीतल्या बाकावर एकेक माणूस बसायचा त्याच्या जागेचे. वीस इंचात एक माणूस. तुझा तो अज्ञात कारागीर म्हणजे दादा. तुझा बाप. ही जमीन त्याने घातली, गॅलरीच्या बाकांची, त्या अकरा आठवड्यांत, एकट्याने. बाकाची वरची बाजू खाली केली, आकडे दिसू नयेत म्हणून. आणि ती रेशमासारखी बाजू रंध्याने झालेली नाही. साठ वर्षं माणसं त्यावर बसली, पुढे सरकली, मागे टेकली, हसली, रडली. त्यांनी घोटली ती.

खिळे मात्र मूळचेच. जुन्या जमिनीतून दादाने उपटले ते सगळे वाकडे झाले होते. तसले खिळे विकत कुठे मिळणार, आणि साधे मारले तर व्यवस्थापकाला पहिल्याच दिवशी कळलं असतं. म्हणून मी ते सरळ केले. पाय प्लॅस्टरमध्ये होता. खाटेवर बसून, मांडीवर गोणपाट, त्यावर लोखंडाचा तुकडा, हातात छोटी हातोडी. रोज शंभर-सव्वाशे. तुझ्या त्या लोहाराच्या हातोडीचे ठसे माझे आहेत.

जिना विसर. मी रंगमंचावर पडले.

दुपारी दोन ते चार थिएटर रिकामं असायचं. दादा बाजूच्या दाराची कडी उघडी ठेवायचा आणि मागे जाऊन काम करत बसायचा. त्याने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. मी एकोणीस वर्षांची. तालमी ऐकून ऐकून मला अख्खी नाटकं पाठ होती. एका नाटकात थोरल्या सुनेचं काम होतं. डाव्या विंगेतून यायचं, सात पावलं चालायचं, सासऱ्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचं आणि म्हणायचं, “मला कोणी विचारलं असतं तर मी थांबले असते.” मी सहावं पाऊल टाकलं आणि फळीतून मांडीपर्यंत खाली गेले.

दादाने बाहेर काढलं, पाठीवर घेतलं, जिन्यावरून वर नेलं. जिना एवढाच काय तो खरा. फळी कुजली हे सुताराला कसं कळलं नाही, असं विचारून त्यांनी त्याला काढलं असतं, खोल्याही गेल्या असत्या. आणि घरची मुलगी भरदुपारी रंगमंचावर काय करत होती, हा प्रश्न निराळाच. वहिनीला दिवस गेले होते, तू पोटात होतास. मग जिना ठरला.

फळी मऊ झाली आहे हे दादाला ठाऊक होतं. कुठलीही जागा धोक्याची दिसली की तो खडूने फुली करायचा. त्या दिवशी विसरला. त्याच्या मनाला ते लागलं. एक फळी बदलून भागलं असतं, त्याने सगळी जमीन काढली. कुजक्या फळ्या आपल्या चुलीत गेल्या आणि सरपण म्हणून मागून घेतलेली बाकं रंगमंचावर आली.

आता तुझी जमीन मूळची राहिली नाही, हे मला कळतं. पण दादाच्या घामावर तू दुसऱ्याचं नाव घालायला निघालास, आणि वर लिहिलंस की त्याला जमलं नसतं. तेवढं मला सोसवलं नाही.

आत्या


१२ फेब्रुवारी

आत्या,

प्रकरण परत आणलं. छापखान्यातल्या माणसाने कारण विचारलं. मी म्हटलं, चूक माझी. हे वाक्य माझ्या तोंडून फारसं निघत नाही, तोही बघत राहिला.

वीस इंच आणि चोवीस इंच हे माझ्या डोळ्यांसमोर होतं, मी मापाला खोटं पाडलं आणि माझ्या समजुतीला खरं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला उभा सोलला असता.

बाईंना काही न सांगण्याचाही विचार करून झाला. खिळे मूळचे आहेत, बाबा म्हणायचे तेही शब्दाला खरं आहे. मी गप्प बसलो तर जमीन राहते. बाबांचं काम राहतं. पण मग त्याच्यावर नाव त्यांचं नाही. आणि नाव घातलं तर काम जातं. यातून मला वाट दिसत नाही.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. बाबा विसरले. ते सैल बिजागरीलासुद्धा फुली करायचे. घरात पाण्याच्या घागरीला चीर गेली तर तिच्यावर फुली. आई म्हणायची, एक दिवस माझ्यावरही करतील. तो माणूस विसरला, आणि तेही तू रोज दुपारी तिथे चालतेस हे माहीत असून. मला ते माफ करता येत नाही. त्यांचा राग येतो, आणि राग येतो म्हणून लाजही वाटते. तरी इतिहास लिहायचा तर खरा लिहायचा. वाक्य असं केलं आहे: ‘कुजलेल्या फळीवर सुताराने खूण केली नव्हती, त्यामुळे घरातील एक मुलगी जन्माची अधू झाली.’ तीनदा लिहिलं. अक्षर तिन्ही वेळा वाईट आलं.

वीस तारखेला बाई येतील. तोवर ठरवीन.

मास्तर


१६ फेब्रुवारी

मास्तर,

हे पत्र वीस तारखेच्या आत तुझ्या हातात पडावं म्हणून नातवाला सकाळीच पोस्टात पाठवते आहे.

ते वाक्य खोड. दादा विसरला नव्हता. फुली होती.

चालायच्या आधी मी रंगमंच झाडायचे. कुणी आलंच तर झाडायला आले असं दिसावं म्हणून, आणि फुकट वापरलेल्या जागेचं काहीतरी फेडावं म्हणूनही. त्या दुपारी झाडताना फुली दिसली. तालमीत नटांच्या उभं राहायच्या जागेवर खडूच्या खुणा करायचे, तुला माहीत आहे. दादाची फुली असेल हे डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, तसलीच कुणाची तरी जागा. आणि माझ्या प्रवेशात तिथे कुणी उभं राहत नाही. माझ्या वाटेत दुसऱ्याची खूण मला नको होती. ओलं फडकं घेतलं आणि नीट पुसून काढली. नीट, बरं का. कोपऱ्यांसकट.

पडल्यावर दादाचं पहिलं वाक्य होतं, “मी फुली केली होती ना गं?” माझ्याकडे बघून विचारलं त्याने. मी वेदनेने ओरडत होते, उत्तर दिलं नाही. संध्याकाळी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, मला नाही दिसली. त्यानंतर त्याने कधीच विचारलं नाही. त्याला वाटलं, आपणच विसरलो. आज सांगू, उद्या सांगू म्हणत मी खिळे ठोकत बसले. तो खाली जमीन घालत होता आणि मी वर खिळे ठोकत होते, आणि ज्याची चूक नव्हती तो फेडत होता.

जमीन पुरी झाली त्या दिवशी त्याने मला उचलून खाली आणलं, विंगेत उभं केलं, काखेत काठी दिली. म्हणाला, “चालून बघ.” मी नाही चालले. म्हटलं, पाय दुखतो. त्याने बरं म्हटलं आणि परत उचलून वर नेलं. त्यानंतर मी त्या जमिनीवर पाऊल ठेवलेलं नाही. लोकांना वाटतं, मनाने घेतलं. मनाने काय घेतलं ते कुणाला ठाऊक नाही.

अकरा वर्षं झाली त्याला जाऊन. शेवटच्या आजारात मी आठ दिवस उशाशी होते. तेव्हाही बोलले नाही. आता तुला लिहिते आहे, कारण तू त्याच्यावर रागावलास. रागवायचं तर पत्ता हा आहे.

आत्या


२८ मार्च

आत्या,

उत्तराला पाच आठवडे लावले. रागावलो होतो, हे लपवत नाही. नंतर कामात होतो, तेही खरं.

तुझं पत्र एकोणीस तारखेला दुपारी आलं. वीसला मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांना विंगेजवळ नेलं, फळी उलटी केली आणि आकडे कशाचे ते सांगितलं. त्यांनी फळीवरून हात फिरवला, आकड्यांमधलं अंतर स्वतः मोजलं आणि म्हणाल्या, “तुम्ही बोलला नसतात तर मला कळलं नसतं.” मी म्हटलं, ते मला माहीत आहे. त्या म्हणाल्या, “नियम तुमच्यासाठी वाकवला तर उद्या दुसऱ्या कुणासाठी वाकवावा लागेल.” त्यांच्या जागी मी असतो तर हेच बोललो असतो. जमीन जाणार. पंधरा एप्रिलला काम सुरू होतं.

खिळे मूळचे आहेत, म्हणून त्यांच्याच नियमाने ते राखायचे. नव्या फळ्या त्याच खिळ्यांनी बसतील. हा मुद्दा मी काढला, बाईंनी लगेच मानला. फळ्यांपैकी सत्तावन्न ते बासष्टची मला मिळाली आहे.

आता जे लिहितो ते बसून वाच.

काम सुरू व्हायच्या आधी ती जागा एकदा बघावी असं मनात आलं. तुझं तेव्हाचं पाऊल सव्वा दोन फूट धरलं, सहा पावलं, डाव्या विंगेपासून साडेतेरा फूट. तिथली फळी उचलली. बाकीच्या सगळीकडे फळी सरळ तुळईवर आहे. त्या एका जागी फळी आणि तुळई यांच्यात, दोन्ही तुळयांवर खाच पाडून, एक तुकडा बसवला आहे. दोन फूट एक इंच लांब, एका टोकाला मोडलेला, कुजका. जुन्या जमिनीतला. तुम्ही सगळ्या चुलीत घातल्या असं लिहिलंस, त्यातला हा एक राहिला.

त्याच्यावर फुली आहे. खडूची धूळ लाकडाच्या रेषांत शिरते, वरून पुसली तरी आतली जात नाही. हे तुला माहीत नव्हतं, बाबांना होतं. त्या उरलेल्या पांढऱ्या खुणेवरून त्यांनी सुतारी पेन्सिलीने रेघ ओढली आहे, दोन्ही बाजूंनी, पट्टी लावून. मग तुकडा पालथा न घालता फुली वर करून बसवला आणि वरून जमीन घातली.

म्हणजे त्यांना माहीत होतं. फुली केली होती हेही, आणि ती कुणी पुसली हेही. दुपारी तिथे दुसरं कोण जायचं? ही फळी त्यांनी पहिल्या आठवड्यात उपटली असणार. तुला “चालून बघ” म्हटलं ते त्यानंतर दहा आठवड्यांनी.

मी वाक्य खोडलं. आता असं आहे: ‘फळीवर खूण केलेली होती. ही जमीन थिएटरच्या सुताराने अकरा आठवड्यांत एकट्याने घातली. खिळे त्याच्या बहिणीने सरळ केले.’ बाकी काही लिहिलेलं नाही. इतिहासाला तेवढं पुरे, असं मला प्रथमच वाटलं.

खिळे उपटताना पुन्हा वाकतील. बाईंच्या ओळखीचा एक कारखाना आहे, मशिनवर सरळ करून देतो म्हणतात. विचारून कळवीन.

मास्तर


४ एप्रिल

मास्तर,

पत्र लेकीकडून दोनदा वाचून घेतलं. मग चष्मा लावून एकदा मी वाचलं.

मशीन नको. मशीनने खिळ्याचं डोकं जातं. बाईंना सांग, माणूस आहे.

लेक मला अकरा तारखेला तिथे पोचवते आहे. मला बुटका ठोकळा लागेल, पाठीला टेकायला भिंत हवी. ऐरण नको, रुळाचा तुकडा मिळाला तर बघ. हातोडी हलकी दे, आता मनगटात दम नाही, रोज पन्नास झाले तरी खूप. गोणपाट मी घेऊन येते.

त्या जागेवरची फळी परत बसवून ठेव, तो तुकडा खाली होता तसाच ठेवून. बाजूच्या दाराची कडी उघडी असू दे. काम पंधराला सुरू होतं ना? मग मधे चार दिवस आहेत.

आधी चालेन, मग बसेन.

आत्या